देवबाग-निवतीला किनाऱ्यावरून गळ टाकायचा आहे, सामान किती आणि कोणतं न्यावं?

गाठ_पक्की (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या शेवटी, त्रिपुरी पौर्णिमेनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मालवण भागात मुक्काम आहे. पनवेलहून रेल्वेने कुडाळ, पुढे एसटी, आणि तिथून बरंचसं पायी. परतताना गोव्यातल्या मोपाहून विमान. होडीत बसायचं नाही, सगळी मासेमारी किनाऱ्यावरून: देवबागला कर्ली खाडीचं मुख आणि निवती-भोगवे बाजूचे खडप (खडकाळ किनारा).

सध्याचा संच असा आहे: नऊ फुटी दोन तुकड्यांचा रॉड (२०–६० ग्रॅम वजन फेकणारा, बांधल्यावर १४० सेंमी लांब), ५००० आकाराचं रील, जादा म्हणून एक टेलिस्कोपिक रॉड, लूरचे (नकली आमिषांचे) दोन मोठे डबे, किलोभर शिसं, गळांच्या पुड्या, पक्कड, विजेरी. सगळं मिळून सात किलोच्या घरात जातं आणि रॉडची नळी एसटीत कुठेच नीट राहत नाही. हे दोन-अडीच किलोवर आणायचं आहे.

१. टेलिस्कोपिक रॉड पुरेल की चार तुकड्यांचा घ्यावा?
२. लूर किती आणि कोणते? मनात जिताडा, तांबोशी, कोकर आहेत. काही नाही तर जेवणापुरती मुडदुशी.
३. शिशाचं वजन कसं टाळायचं?
४. खडपावर जायचं तर काय अजिबात वगळू नये?

---

खाडीमुख

रॉडपासून सुरुवात करू, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच ठरतं.

टेलिस्कोपिक नको. घडी छोटी होते हे खरं, पण खाऱ्या पाण्याला आणि वाळूला तो टिकत नाही. एका नळीत दुसरी सरकताना वाळूचा कण आत गेला की सांधा घासतो, आणि एक दिवस रॉड उघडतो पण मिटत नाही. शिवाय बहुतेक रिंगा सांध्याच्या टोकाला असतात, फेकताना त्या फिरतात, दोरी वाकडी जाते आणि ब्रेड (विणलेली दोरी) असेल तर रिंगेला गुंडाळी बसते. कमी किमतीच्या टेलिस्कोपिकमध्ये शेंड्याचा तुकडा भरीव काचतंतूचा असतो. वीस ग्रॅमच्या लूरला तो लगेच दबतो आणि लांब फेक मिळतच नाही.

चार तुकड्यांचा आठ फुटी, १०–३० ग्रॅम लिहिलेला रॉड बघा. बांधल्यावर तो ६३ ते ६५ सेंमी होतो आणि वजन दोनशे ग्रॅमच्या आत राहतं. तुमच्या नऊ फुटीपेक्षा फेक थोडी कमी पडेल, पण देवबागच्या मुखात मासा बऱ्याचदा पाण्याच्या कडेलाच, खोली सुरू होते तिथे असतो. खडपावर एखादा फूट जास्त असता तर बरं, एवढंच.

चार तुकड्यांचा रॉड मोडतो तो बहुधा सैल सांध्यात. फेकता फेकता सांधा मिलिमीटरभर वर येतो, बाहेरच्या नळीच्या फक्त तोंडावर जोर येतो आणि ती उभी चिरते. म्हणून दर पंधरा-वीस फेकींनंतर तिन्ही सांधे हाताने चाचपा. जोडताना रिंगा पाव वळणाने तिरक्या धरून तुकडा आत सारायचा आणि दाबत दाबत सरळ रेषेत आणायचा. आतल्या टोकावर साध्या मेणबत्तीचं मेण हलकं चोळून फडक्याने पुसलं की पकड चांगली बसते. तेल किंवा ग्रीस मात्र लावू नका, त्याने सांधा सुटतो. अडकला तर पकडीने फिरवायचा नाही. रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरायचा, सांध्याच्या दोन्ही बाजूंना हात ठेवायचे आणि गुडघे बाहेर फाकवायचे. ओढ सरळ रेषेत बसते, त्यामुळे सांधा सुटतो आणि रिंगांवर ताण येत नाही.

रील ३००० किंवा ४०००. त्यावर पीई १.५ जाडीचा ब्रेड, १५० ते २०० मीटर. ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळला तर अख्खी गुंडाळी फिरते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग (दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक) सैल आहे. आधी आठ-दहा मीटर साधा तंगूस घ्या, त्यावर ब्रेड. स्पूलच्या काठाला दोन मिलिमीटर मोकळे सोडा. काठोकाठ भरलं की हलक्या लूरला वेटोळी एकदम सुटतात आणि रिंगेत गोळा होतो. गुंत्याचं दुसरं कारण म्हणजे फेकीनंतर हँडल फिरवून बेल (रीलवरची तारेची कमान) बंद करणं. बेल हाताने बंद करा आणि दोरी एकदा ताणून घ्या, निम्मे गुंते तिथेच संपतात.

लीडर (ब्रेडच्या टोकाला जोडायचा जाड तुकडा) ३० ते ४० पौंडी फ्लुरोकार्बन, जाडी अर्धा मिलिमीटर किंवा किंचित जास्त. खाडीत सव्वा मीटर, खडपावर दीड ते दोन मीटर. ही लांबी एफजी गाठ (ब्रेड-लीडर जोडायची बारीक गाठ) येत असेल तरच. एफजी रिंगेतून सरळ जाते. ती वाऱ्यात जमत नसेल तर दुहेरी युनी घाला, ब्रेडचे आठ वेढे, लीडरचे चार-पाच, थुंकी लावून सावकाश ओढायची. ही गाठ जाड असते आणि प्रवासी रॉडच्या शेंड्याची रिंग बारीक, म्हणून लीडर ६०–७० सेंमीच ठेवा. फेकायच्या वेळी गाठ शेंड्याबाहेर राहिली पाहिजे. गाठ आत आणि वजन बाहेर अशी फेक केली की एकतर लूर तुटून जातो, नाहीतर रिंगेतलं कडं निखळतं.

ड्रॅग घरूनच लावून न्या. सामान तोलायचा आकड्याचा काटा दोरीला अडकवा आणि रॉड अर्धवट वाकवून ओढा. २० पौंडी ब्रेड म्हणजे नऊ किलो, त्याच्या चौथ्या हिश्श्याला, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास ड्रॅग सुटला पाहिजे. खडपावर तांबोशी लागली तर तीनपर्यंत घट्ट करावा लागेल, नाहीतर ती थेट कपारीत शिरते आणि लीडर घासून तुटतो.

जादा रॉड नेऊ नका. त्याऐवजी शेंड्याची एक जादा रिंग आणि गरम करून लावायच्या गोंदाची बोटभर कांडी ठेवा. शेंडा इंचभर मोडला तर लायटरच्या आचेवर पाच मिनिटांत रॉड परत उभा राहतो. फक्त आच रिंगेला द्या, रॉडला नको.

---

खडपकरी

मी जागेबद्दल लिहितो. सामान जागेवर ठरतं, दुकानात नाही.

तुम्ही येताय ते दिवस उधाणानंतरचे. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब सगळ्यांना ठाऊक असतो, तिथीची पाऊणपट. वद्य तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सकाळ-संध्याकाळ साडेआठच्या आसपास सुकती (पूर्ण ओहोटी). हा मुंबईच्या बाजूचा ठोकताळा झाला. मालवणला भरती मुंबईच्या आधी येते, तेव्हा मुंबईचं कोष्टक घेऊन येऊ नका. दक्षिणेचं, मालवणचं किंवा मुरगावचं, कोष्टक बघा. पाणीही कमी चढतं. मुंबईला उधाणात चार मीटरच्या आसपास फरक पडतो, इकडे दोन मीटरच्या जवळपास.

याचा सामानाशी संबंध असा. कर्लीच्या मुखात उधाणाच्या ओहोटीला पाणी इतक्या जोराने बाहेर पडतं की तीस ग्रॅम शिसं तळाला थांबतच नाही. थांबवायला ऐंशी-शंभर ग्रॅम लागेल आणि तुमच्या १०–३० वाल्या रॉडला ते झेपणार नाही. म्हणून जड शिसं आणण्यापेक्षा वेळ निवडा. भरती पूर्ण होऊन पाणी फिरतं त्याच्या आगेमागे तास-दीड तास ओढ कमी असते. तळाचं आमिष तेव्हा टाकायचं. ओहोटी जोर धरू लागली की शिसं काढून लूर लावायचा. जिताडा त्या ओढीच्या कडेला, संथ पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. लूर प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका आणि पाण्याबरोबर खाली येऊ द्या.

मुखाजवळच्या वाळूवर पाण्यात उतरू नका. कडा पायाखालून ढासळते आणि पुढे लगेच खोल आहे. सकाळी पर्यटकांच्या होड्या सुरू व्हायच्या आत तास-दोन तास पाणी शांत मिळतं. समुद्राच्या बाजूला रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर त्यांच्या दोन दोरांच्या मध्ये किंवा शेजारी गळ टाकायचा नाही. जाळ्यात अडकलेला गळ ओढणाऱ्याच्या हातात शिरतो. रापण संपेपर्यंत बाजूला थांबा. ताजी सुंगटं (कोळंबी) आणि तारली तिथेच विकत मिळतात, घरून आमिष आणायची गरज पडत नाही.

आता निवती-भोगव्याचे खडप. तिथे वजन कमी करायच्या नादात दोन गोष्टी वगळायच्या नाहीत, तरंगायचं जॅकेट आणि बूट. कातळाचा काळा, ओला, बुळबुळीत पट्टा दिसतो तिथपर्यंत लाट येते. आता येत नसली तरी येते. त्या पट्ट्यावर उभं राहायचं नाही. पोचल्यावर रॉड जोडायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं कोरड्या जागेवरून नुसत्या लाटा बघा. लाटा सारख्या येत नाहीत, मधूनच तीन-चार मोठ्या लागोपाठ येतात. त्यांचं पाणी कुठवर चढतं ते पाहून मग जागा ठरवा. चप्पल, सँडल चालणार नाही. कालवांच्या कडा तळव्याला सुरीसारख्या लागतात आणि ती जखम लवकर भरत नाही. पाणी चढू लागल्यावर मागची वाट बंद होते का, हे येतानाच बघून ठेवा. एकट्याने जाऊ नका.

आमच्याकडे पोरांना पहिली हीच गोष्ट शिकवतात: समुद्राक पाठ दाखवची नाय. मासा काढताना, गाठ बांधतानासुद्धा.

मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे. तिकडे गळ टाकायचा विचार असेल तर आधी वनखात्याला विचारा.

---

मुडदुशी_ताजी

शिशाबद्दल. किलोभर शिसं दोन-तीन दिवसांना कशाला? किनाऱ्यावरच्या खालच्या गळाला २० ग्रॅमचे चार तुकडे आणि १० ग्रॅमचे चार, बस्स. एकूण १२० ग्रॅम. रॉडवर ३० ग्रॅम लिहिलंय त्यात आमिषाचं वजनही धरायचं असतं. वीसचं शिसं आणि पाण्याने भिजलेलं मोठं सुंगट मिळून तीस होतातच.

खडपावर जास्त लागतं कारण तिथे शिसंच अडकतं. त्यासाठी शिशाऐवजी लोखंडी नट वापरा. कुडाळ, मालवण, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. एम-१२ चा नट साधारण १७ ग्रॅम, एम-१६ चा ३३. जुन्या मापात चार सुती मागितला तर वीसेक ग्रॅमच्या आसपासचा मिळेल, दुकानातल्या काट्यावर तोलून घ्या. लोखंड शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाला आकार मोठा होतो आणि ओढ जास्त धरतो. म्हणून खाडीच्या मुखात शिसं, खडपावर नट. समुद्रात शिसं कमी सुटतं हा फायदा वेगळाच.

नट मूळ दोरीला थेट बांधू नका. स्वीव्हलच्या (फिरत्या जोडकडीच्या) वरच्या कडीला वीतभर, ८–१० पौंडी स्वस्त तंगूस बांधा आणि त्याच्या टोकाला नट. नट कपारीत अडकला की हा तुकडा तुटतो, गळ आणि मासा दोन्ही वर येतात. हा तुकडा मूळ दोरीइतकाच मजबूत ठेवला तर सगळा संचच जातो.

मुडदुशीसाठी वेगळा विचार करावा लागतो. तिचं तोंड लहान आणि ती वाळूवर, कंबरभर पाण्यातही असते. लांब दांडीचा ६ किंवा ८ नंबरचा गळ, अर्धा मीटर १०–१२ पौंडी लीडर, सरकतं १० ग्रॅम शिसं, शिसं आणि स्वीव्हलच्या मध्ये एक मणी. मणी नसेल तर शिसं गाठीवर आपटून गाठ खराब करतं. आमिष नखाएवढंच. सुंगटाचा सोललेला तुकडा गळाच्या वळणात पूर्ण भरून घ्यायचा, लोंबता ठेवला तर तेवढाच कुरतडून जातो. सगळं आमिष शिंप्याकडच्या बारीक रबरी दोऱ्याने चार-पाच वेढे देऊन बांधलं तर फेकीत सुटत नाही. दोऱ्याची रिळी वजनाला काहीच नाही, पण आमिष निम्मं लागतं. गळ टाकून ठेवू नका, अगदी हळू ओढत राहा. वाळू उडाली की मुडदुशी बघायला येते.

तांबोशी आणि गोब्रासाठी २/० चा सर्कल गळ. त्याला झटका द्यायचा नाही. दोरी जड झाली की नुसतं रील फिरवत राहायचं, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका दिला की तो तोंडातून बाहेर येतो आणि लोक म्हणतात सर्कल गळ चांगला नाही.

आणि एक सुचवते. जादा रॉडऐवजी हातगळ न्या. हाताच्या पंज्याएवढी प्लास्टिकची गोल चकती, त्यावर ०.६० मिलिमीटरचा ६०–७० मीटर तंगूस, टोकाला स्वीव्हल. दोनशे ग्रॅमच्या आत बसतं, मोडायला त्यात काही नाही. खडपाच्या कडेला सरळ खाली सोडायला हा रॉडपेक्षा सोयीचा. फक्त दोरी बोटाला किंवा पंजाला गुंडाळून धरू नका. मासा मोठा लागला तर बोट कापतं. तर्जनीवर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा चढवा.

---

लूरवाला_रत्नागिरी

वरचं सगळं पटलं, लूरचं राहिलंय ते लिहितो.

दोन डबे कशाला? पाकिटाएवढा एक पातळ डबा पुरतो. त्यात: २० आणि २८ ग्रॅमचे दोन धातूचे चमचे किंवा जिग, ११ सेंमीचा एक तरंगता मिनो (छोट्या माशासारखा लूर), १० सेंमीचा एक पॉपर (पाण्यावर खळबळ करणारा लूर), आणि १० व १४ ग्रॅमची मिळून सहा जिग-हेड (डोक्याला वजन असलेले गळ). वेगळ्या पाकिटात साडेतीन-चार इंची शेपूटवाली सॉफ्ट प्लास्टिक, सात-आठ. रंग दोनच. गढूळ पाण्याला पांढरा किंवा पिवळसर, स्वच्छ पाण्याला तारलीसारखा रुपेरी-निळा. नोव्हेंबरअखेर खाडीचं पाणी बऱ्यापैकी निवळलेलं असतं, पण ओहोटीला वरचं मातकट पाणी खाली येतं, म्हणून दोन्ही हवेत.

एकच नेता आला तर? १४ ग्रॅमचं जिग-हेड आणि सॉफ्ट प्लास्टिक. जिताडा, तांबोशी, कोकर, गोब्रा, सगळे घेतात, वरच्या पाण्यातही चालतं आणि तळालाही. चमचा वाऱ्यात लांब जातो म्हणून सोबत. पॉपर फक्त झुंजुमुंजू आणि तिन्हीसांजेला, कोकर वर मारायला येतो तेव्हा.

सॉफ्ट प्लास्टिक त्याच्या मूळ पाकिटातच ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांची एकत्र ठेवली तर एकमेकांत विरघळतात, आणि काही प्रकार तर डब्याचा तळ आणि शेजारच्या मिनोचा रंगही चिकट करून टाकतात. बॅगेत ती सरळ झोपली पाहिजेत. शेपूट दुमडून राहिली तर पाण्यात एका अंगाला फिरते आणि दोरीला पीळ बसतो. दुमडली असेल तर कपभर गरम पाण्यात अर्धा मिनिट धरून गार पाण्यात टाका, सरळ होते.

मिनो आणि पॉपरचे तिहेरी गळ काढून एकेरी इनलाइन गळ लावा, आकार १/० च्या आसपास. डब्यात गुंता होत नाही, डबा पातळ राहतो, मासा सोडायला सोपं जातं. फडफडणाऱ्या माशाच्या तोंडात एक तिहेरी गळ आणि दुसरा आपल्या अंगठ्यात, हा खडपावरचा नेहमीचा अपघात त्याने टळतो. बदलल्यावर मिनो घरच्या बादलीत तरंगवून पाहा. गळ हलके झाले की काही मिनो नको तितके वर तरंगतात आणि डुलत नाहीत, मग एक नंबर मोठा गळ लावायचा.

लूर अडकला की रॉड वाकवून ओढू नका. प्रवासी रॉडचा तिसरा सांधा तिथेच जातो. रॉड दोरीच्या रेषेत सरळ धरा, स्पूल हाताने दाबा आणि मागे चालत जा. ब्रेड हाताला गुंडाळायचा नाही, एखाद्या लाकडाच्या तुकड्यावर चार वेढे घेऊन ओढा.

टोळ आणि दात असलेले इतर मासे लीडर कुरतडतात. त्यासाठी १५ सेंमीच्या दोन पोलादी तारा ठेवा, पण कायम लावून ठेवू नका, तार बघून जिताडा मागे फिरतो.

---

गाठ_पक्की (प्रश्नकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्या सांगण्यावरून नवी यादी तोलून केली:

आठ फुटी चार तुकड्यांचा रॉड, कापडी पिशवीसह २२० ग्रॅम. तीन इंची पीव्हीसी नळी दोन टोपणांसह ४५०. रील ब्रेडसकट २९०. लूरचा डबा आणि सॉफ्ट प्लास्टिक २६०. गळ, स्वीव्हल, मणी, रबरी दोरा ९०. दोन लीडर रिळं ६०. लांब तोंडाची पक्कड आणि कटर १५०. जबडा पकडायचा प्लास्टिकचा चिमटा ११०. डोक्याची विजेरी ८०. हातगळ १८०. प्रथमोपचार १२०. बेरीज दोन किलो दहा ग्रॅम. शिसं १२०, नट मालवणात घेईन. जॅकेट आणि बूट वेगळे.

तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या. हवेने फुगणारं, कमरेला बांधायचं जॅकेट घेऊ का? विमानात काय चालतं? आणि तीन दिवस खाऱ्या पाण्यात वापरून रील तसंच बांधून आणलं तर काय बिघडेल?

---

खाडीमुख

फुगणाऱ्या जॅकेटमध्ये दाबाच्या वायूची नळकांडी असते. विमानात न्यायची तर कंपनीची आधी परवानगी घ्यावी लागते, आणि विमानतळावर वाद घालत बसायची वेळ येते. त्यात खडपावर डोकं आपटून माणूस पडला तर दोरी ओढायची शुद्ध असेलच असं नाही. साधं फोमचं जॅकेट घ्या, बॅगेच्या बाहेर बांधा. अर्धा-पाऊण किलो वाढेल, ते वाढू द्या.

गळ, लूर, पक्कड, कटर, सुरी, शिसं, सगळं चेक-इन सामानात. रीलवर दोरी असेल तर तेही तिथेच टाका. विजेरीचे जादा लिथियम सेल आणि पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत, ते चेक-इनला चालत नाहीत. तुमची नळी ६५–७० सेंमीची, हातातल्या सामानाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ५५ सेंमी, म्हणजे नळीही चेक-इनलाच जाणार. नळीत रॉड खडखडू देऊ नका. दोन्ही टोकांना जुने मोजे कोंबा आणि तुकडे आलटून-पालटून उलटसुलट ठेवा, म्हणजे रिंगा एकमेकींवर येत नाहीत.

रील तीन दिवस न धुता बांधलं तर पहिला फटका लाइन रोलरच्या बेअरिंगला बसतो. मीठ सुकलं की ते फिरायचं थांबतं, ब्रेड त्याच्यावर घासत जातो आणि तुम्हाला कळतही नाही. रोज संध्याकाळी ड्रॅग पूर्ण घट्ट करा, म्हणजे वॉशरपर्यंत पाणी जात नाही, आणि गोड्या पाण्याची हलकी धार अर्धा मिनिट सोडा. नळाला बोट लावून जोराची धार मारू नका, रील बादलीतही बुडवू नका. दोन्हीने मीठ आत ढकललं जातं. मग झटकून, पुसून, ड्रॅग सैल करून सावलीत वाळत ठेवा. दोरीच्या वरच्या तीस-चाळीस मीटरवरून ओलं फडकं फिरवा.

वापरलेला गळ किंवा लूर परत डब्यात टाकायचा नाही. एका ओल्या गळाचा गंज दोन दिवसांत सगळ्या डब्याला लागतो. औषधाची रिकामी बाटली ठेवा, वापरलेलं त्यात, आणि रात्री धुऊन वाळवल्यावर डब्यात.

---

मुडदुशी_ताजी

प्रथमोपचारात काय ठेवलंय ते लिहिलं नाही, म्हणून सांगते. शेंगटी लागणारच. पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन, असे तीन काटे विषारी असतात, मेलेल्या माशाचेही. हाताने धरू नका, चिमट्यानेच. काटा लागला तर जखम स्वच्छ धुऊन सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, पाणी गार झालं की बदला. कळ उतरते. पाणी किती गरम ते दुखऱ्या हाताने नाही, दुसऱ्या हाताने बघा. काटा तुटून आत राहिला असेल किंवा सूज वर चढत असेल तर थेट दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते निघायच्या आधी तपासा. पाकटाच्या काट्यालाही हेच, आणि उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत पुढे न्या.

गळ बोटात रुतला तर कटर लागतो, आणि तो खरंच गळाची तार तोडणारा हवा. घरी एका जुन्या २/० च्या गळावर तोडून बघा. नाही तुटला तर वजन वाढलं तरी चालेल, दुसरा घ्या. गळांच्या टोकाजवळचे उलटे काटे आधीच पक्कडीने दाबून बसवले तर ही वेळ सहसा येत नाही.

केंड (फुगणारा विषारी मासा) लागला तर सोडून द्या, खायचा नाही. वितीएवढे जिताडे आणि गोब्रेही सोडा.

---

खडपकरी

विजेरीत लाल उजेड आहे ना, तेवढं बघा. त्या महिन्यांत आमच्या वाळूवर कासवं अंडी घालायला येऊ लागतात, पांढऱ्या उजेडाने ती मागे फिरतात. देवबागला रात्रीची भरती धरणार असाल तर लालच वापरा, आणि पाण्यावर उजेड मारू नका, मासाही बिचकतो.

तुटलेला तंगूस आणि ब्रेड खिशात घालून परत आणा. पक्ष्यांच्या पायांत तो अडकतो, रापणीच्या जाळ्यातही येतो.

नट घ्यायचे ते कुडाळला उतरल्यावरच घ्या. देवबागात हार्डवेअर मिळेलच असं नाही, आणि मालवणात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली तर दुकान बंद असेल.